अर्थ लागला की दिवा लागतो

घरात काही हरवले की पहिला संशय नोकरावर घ्यावयाचा, ही आपल्याकडील एक जुनी आणि वाईट खोड आहे. गाडीवाल्यांची खोडही तिच्याच जातीची. गाडी सुरू झाली नाही की त्यांचा पहिला संशय बॅटरीवर! सेल्फ मारला, 'टक्' असा आवाज झाला, इंजिन हलले नाही, की "बॅटरी गेली" असा निकाल तत्काळ लागतो. आरोपीची बाजू ऐकून घेण्याची पद्धत येथे नाही. जुनी बॅटरी भंगारात जाते, काही हजार रुपये मोजून नवी येते, आणि गंमत म्हणजे गाडी खरोखरच सुरू होते. मालकाची खात्री पटते की निदान बरोबर होते. पुढे दोन-तीन महिन्यांनी एखाद्या दमट सकाळी पुन्हा तेच 'टक्' ऐकू येते, आणि मग "हल्लीच्या बॅटऱ्यांत काही राम राहिलेला नाही" असे म्हणून सारा दोष काळावर टाकला जातो.

वस्तुतः काय घडलेले असते? बॅटरी बदलताना मेकॅनिकने तिच्या टर्मिनलवरच्या पकडी सोडवल्या, त्यांवरील हिरवट-पांढरी बुरशी खरवडली आणि पकडी पुन्हा घट्ट बसवल्या. दोष बॅटरीत नव्हताच. तो त्या बुरशीत होता. उपचार झाला एकाचा, श्रेय मिळाले दुसऱ्याला. आपल्या न्यायशास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात, आणि आपली आजी यालाच "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ" असे म्हणते.

जुन्या मोटारीतील विजेचे दोष कसे शोधावेत, हा या लेखाचा विषय आहे. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात तो कशासाठी, असा प्रश्न काही प्राध्यापकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याला उत्तर असे की, या कामात पान्हा आणि पक्कड यांचा वाटा थोडा, आणि तर्कशास्त्राच्या तासाला आपण जे शिकतो त्याचा वाटा फार मोठा आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कार्यकारणसंबंध शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्या आपण परीक्षेपुरत्या पाठ करतो आणि विसरतो. बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या कारागिराला मात्र त्या रोज लागतात. फरक एवढाच की त्यांची नावे त्याला ठाऊक नसतात.

दुसरेही एक कारण आहे. मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमिअर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अॅम्बॅसेडर या दोन गाड्यांनी आपल्या देशातील दोन-तीन पिढ्यांना वाहून नेले. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. टॅक्सी म्हणून मुंबईत तिची शेवटची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली, आणि टॅक्सीसाठी ठरलेली २० वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबर २०२३ अखेर, ती काळी-पिवळी मूर्ती मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. अॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरीही अंगणात, वाड्याच्या बोळात, ताडपत्रीखाली अशा कित्येक गाड्या अजून उभ्या आहेत. त्यांतील अनेक इंजिन बिघडले म्हणून नव्हे, तर "वायरिंगची काही तरी भानगड आहे, सापडत नाही" म्हणून उभ्या आहेत. आजोबांची गाडी भंगारात जाणार की पुन्हा रस्त्यावर येणार, हे पुष्कळदा एखाद्या गंजलेल्या स्क्रूवर अवलंबून असते.

वीज जाते कोठे आणि येते कोठून?

प्रथम थोडे मूलभूत. मोटारीतील विजेचा सारा कारभार १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा २ व्होल्टहून किंचित अधिक दाब देतो. म्हणूनच पूर्ण भरलेली आणि काही तास स्वस्थ असलेली बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ दिसले तर ती अर्धीमुर्धी रिकामी आहे असे समजावे. १२ च्याही खाली गेली तर ती जवळजवळ उपाशीच आहे.

पाण्याच्या टाकीची उपमा येथे चांगली लागू पडते. टाकीची उंची म्हणजे विजेचा दाब. तो व्होल्टमध्ये मोजतात. नळातून वाहणारे पाणी म्हणजे विजेचा प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. आणि नळात साचलेला गाळ म्हणजे रोध. तो ओहममध्ये मोजतात. दाब म्हणजे प्रवाह गुणिले रोध, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम याने १८२७ साली प्रसिद्ध केला. मोटारीचा कोणताही दोष शोधावयाचा असला तरी याहून अधिक गणित लागत नाही.

मात्र पाण्याची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. नळाचे पाणी बादलीत पडले की त्याची गोष्ट संपते. विजेची संपत नाही. तिला निघाल्या जागी परतावे लागते. बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेला प्रवाह फ्यूज, स्विच, दिवा अशी वाटचाल करून ऋण टोकाकडे परत आला, तरच दिवा लागतो. जाण्यासाठी वायर असते, पण परतीसाठी प्रत्येक दिव्याला वेगळी वायर घालणे खर्चाचे, म्हणून मोटार बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. गाडीचे सारे अंग लोखंडी पत्र्याचेच आहे, तर तोच परतीचा रस्ता समजावयाचा! बॅटरीचे एक टोक, बहुधा ऋण टोक, जाड केबलने गाडीच्या अंगाला जोडलेले असते, आणि प्रत्येक दिव्याची परतीची वायर जवळच्याच एखाद्या स्क्रूने पत्र्याला टेकवलेली असते. या परतीच्या रस्त्याला गॅरेजमध्ये 'अर्थ' म्हणतात.

शब्द इंग्रजी असला तरी मराठीत तो फार चपखल बसला आहे. जुन्या गाडीत ज्याचा अर्थ लागत नाही असे काही घडू लागले, की बहुतेक वेळा कोठे तरी 'अर्थ' लागलेला नसतो! आणि याला कारणही तसेच आहे. जाणारी वायर प्लॅस्टिकच्या आवरणात सुरक्षित असते. परतीचा रस्ता मात्र उघडा असतो. तेथे पाणी उडते, चिखल बसतो, रंगाचे हात फिरतात. कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत तर चार पावसाळ्यांत त्या स्क्रूखाली गंजाचा थर चढतो. लोखंड वीज वाहून नेते, गंज तिला अडवतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र स्क्रू जागेवर आहे, वायर जागेवर आहे, सारे यथास्थित आहे असेच दिसते.

तीन प्रकारचे गुन्हेगार

विजेचे दोष वरकरणी शेकडो दिसतात, पण त्यांच्या जाती तीनच.

पहिली जात म्हणजे तुटलेली वाट. वायर मधेच तुटली, बल्बची तार गेली, फ्यूज उडाला. येथे काहीच चालत नाही. हा दोष प्रामाणिक आहे. तो लपत नाही.

दुसरी जात म्हणजे आडवाट, म्हणजेच 'शॉर्ट'. वायरचे आवरण झिजले आणि आतले तांबे पत्र्याला टेकले. मग प्रवाह दिव्यापर्यंत जाण्याचे कष्ट न घेता जवळच्या वाटेने घरी पळतो. त्या वाटेवर रोध जवळजवळ नाहीच, म्हणून प्रवाह बेसुमार वाढतो आणि वायर तापते. येथे फ्यूज आपला जीव देऊन गाडी वाचवतो.

तिसरी जात म्हणजे अरुंद झालेली वाट. गंज, सैल पकड, दहापैकी आठ तंतू तुटलेली वायर, काजळी धरलेला स्विच. वाट बंद नाही, पण पुरेशी रुंदही नाही. दिवा लागतो, पण पिवळट. हॉर्न वाजतो, पण घसा बसल्यासारखा. जुन्या गाडीत याच जातीचे दोष सर्वांत अधिक आढळतात, आणि फसवण्यातही यांचाच हात कोणी धरणार नाही.

एक उदाहरण घेऊ. ४५ वॅटचे दोन हेडलाइट मिळून ९० वॅट होतात, म्हणजे १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर. यांच्या वाटेत कोठे तरी ०.४ ओहमचा गंज बसला, तर हिशेबाने प्रवाह ६ अँपिअरवर येतो आणि १२ पैकी २.४ व्होल्ट त्या गंजावरच खर्च होतात. दिव्यांच्या वाट्याला ९.६ उरतात. दाब पाचव्या हिश्शाने घटला, पण बल्बच्या उजेडाचे गणित सरळ नसते. उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. मालक नवे बल्ब आणतो, तेही मंदच लागतात. मग तो अधिक वॅटचे बल्ब आणतो. त्यांना प्रवाह अधिक लागतो, म्हणून तो गंज आणखी दाब खातो आणि तापू लागतो. रोग एकीकडे, औषध दुसरीकडे, आणि औषधाने रोग वाढतो, असा हा प्रकार आहे.

दोन साक्षीदार: दिवा आणि मीटर

शोधासाठी हत्यारे फार थोडी लागतात. पहिले हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प. १२ व्होल्टचा पाच वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी, एका वायरीला चिमटा आणि दुसरीला टोकदार सळई. चिमटा अर्थला लावून सळई एखाद्या टर्मिनलला टेकवली आणि बल्ब पेटला, तर तेथपर्यंत वीज पोहोचली असे समजावे. दुसरे हत्यार म्हणजे व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजणारा साधा मीटर.

मीटर अचूक आकडा सांगतो म्हणून तो अधिक विश्वासू, असे आपल्याला वाटते. येथे मात्र सावध राहावयास हवे. मीटर व्होल्ट मोजताना जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. म्हणून ज्या वायरचा एकच तंतू शिल्लक आहे, तिच्याही टोकाशी तो खुशाल १२ व्होल्ट दाखवील. पाणी वाहत नसताना गाळाने भरलेल्या नळातही दाब पूर्णच असतो. नळ सोडला की खरी स्थिती कळते. म्हणून जुन्या गाडीच्या कामातील पहिला नियम असा की, मोजमाप करावयाचे ते काम चालू असताना. दिवा लावून दिव्याचा दाब पाहावा, सेल्फ मारत असताना सेल्फचा दाब पाहावा. स्वस्थ बसलेल्या माणसाची शक्ती जशी कळत नाही, तशीच स्वस्थ बसलेल्या वायरचीही कळत नाही.

दुसरा नियम म्हणजे वाट अर्ध्यावर कापणे. बॅटरीपासून दिव्यापर्यंत आठ सांधे आहेत असे समजा. पहिल्यापासून एकेक तपासत गेले तर कदाचित आठही तपासावे लागतील. त्याऐवजी मधल्या सांध्याशी वीज आहे का ते पाहावे. असेल तर दोष पुढच्या चारांत, नसेल तर मागच्या चारांत. पुन्हा त्यांचा मध्य घ्यावा. तीन तपासण्यांत गुन्हेगार सापडतो. शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो. पहिल्या पानापासून वाचत कोणी बसत नाही.

सेल्फचे 'टक्'

आता आरंभीच्या खटल्याकडे वळू. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटर, हे गाडीतील सर्वांत खादाड उपकरण आहे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने ती प्रथम बसवली आणि हँडल फिरवण्याच्या, प्रसंगी मनगट मोडणाऱ्या, व्यायामातून चालकांची हळूहळू सुटका झाली. लहान पेट्रोल इंजिन फिरवतानाही ती १०० ते १५० अँपिअर प्रवाह ओढते. १५० अँपिअरच्या वाटेत केवळ ०.०२ ओहमचा, म्हणजे एका ओहमच्या पन्नासाव्या भागाइतका, रोध असला तरी ३ व्होल्ट तेथेच खर्च होतात. साधा मीटर इतका लहान रोध मोजूच शकत नाही. तो 'शून्य' म्हणतो आणि आपण वायर निर्दोष ठरवतो.

म्हणून तपासणी अशी करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवावी. बॅटरीवर मीटर लावून मित्राला सेल्फ मारावयास सांगावे. दाब १० व्होल्टच्या वर टिकला आणि तरीही सेल्फ फिरत नसेल, तर बॅटरी निर्दोष आहे. ती देण्यास तयार आहे, घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही एवढेच. मग मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवून पुन्हा सेल्फ मारावा. वाट निरोगी असेल तर पाव व्होल्टच्या आसपासच दिसेल. २ किंवा ३ व्होल्ट दिसले, तर परतीच्या रस्त्यात चोर आहे हे सिद्ध झाले. आता एक सळई सरकवत न्यावी: खुंटी ते पकड, पकड ते गाडीचे अंग, अंग ते इंजिन. जेथे आकडा उडी मारील तेथे चोर. नंतर हीच तपासणी धन बाजूची करावी.

या वाटेवर एक विस्मृतीत गेलेला दुवा असतो. इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले असते, आणि रबर वीज नेत नाही. म्हणून इंजिन व गाडीचे अंग यांना जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी असते. इंजिन उतरवून पुन्हा बसवताना ती पट्टी लावावयाची राहिली, तर सेल्फचा प्रवाह परतण्यासाठी दुसरी वाट शोधतो, आणि कधी कधी ती वाट चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या बारीक केबलची असते! सेल्फ मारल्यावर चोकची केबल तापते, ही गोष्ट ऐकणाऱ्याला भुताटकीची वाटते; पण रस्ता बंद असला की लोक शेतातून जाऊ लागतात, त्यातलाच हा प्रकार.

मिलची ओळख

आता मिलच्या पद्धतींकडे येऊ. समजा, गाडीच्या मागच्या डाव्या बाजूचा इंडिकेटर मंद लागतो, तेथलाच ब्रेकचा दिवाही मंद, आणि ब्रेक दाबला की न लावलेले पार्किंगचे दिवे आपोआप मिणमिणू लागतात. अननुभवी माणूस येथे तीन दोष मोजतो. अन्वय पद्धती सांगते की, जेथे जेथे दोष दिसतो त्या सर्व ठिकाणी समान काय आहे ते पाहा. इंडिकेटरचा स्विच वेगळा, ब्रेकचा वेगळा, पार्किंगचा वेगळा. पुष्कळदा फ्यूजही वेगळे. समान आहे तो केवळ डाव्या दिव्याचा अर्थ! तो स्क्रू गंजला की ब्रेकच्या तारेतून आलेल्या प्रवाहाला घरी जाता येत नाही. मग तो त्याच बल्बमधील पार्किंगच्या तारेतून उलटा शिरतो आणि इतर पार्किंग दिव्यांतून वाट काढून परततो. तीन दोष नव्हेत, एकच. पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि दहा मिनिटे, एवढाच त्याचा खर्च. धातू चकचकीत करावा, स्क्रू आवळावा आणि वरून थोडे व्हॅसलीन लावावे, म्हणजे पुढील पावसाळे सुखाने जातात.

दुसरा खटला रात्रीच्या चोरीचा. संध्याकाळी गाडी ठीक असते. दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी रिकामी. येथे व्यतिरेक पद्धती उपयोगी पडते. सर्व दिवे बंद करून, दारे लावून, बॅटरीची ऋण पकड सोडवावी आणि पकड व खुंटी यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावावा. (या वेळी सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडेल.) समजा ०.४४ अँपिअर दिसले. आता एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजच्या असण्याने चोरी होते आणि नसण्याने थांबते, बाकी सारे तेच राहून, त्याच वाटेवर चोर आहे.

येथेच अवशेष पद्धतीचीही मदत होते. गाडीतील घड्याळ ०.०२ अँपिअर घेते हे आपल्याला ठाऊक असले, तर ०.४४ मधून ते वजा करावे, उरले ०.४२. बारा व्होल्टवर ०.४२ अँपिअर म्हणजे पाच वॅट, अर्थात एक लहानसा बल्ब. म्हणजे कोठे तरी एक पाच वॅटचा दिवा रात्रभर जळतो आहे, हे गाडीभोवती न फिरताच कळले. बहुधा तो डिकीत किंवा हातमोज्यांच्या कप्प्यात सापडतो. झाकण लागले तरी त्याचा स्विच दबलेला नसतो. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीला हा एवढासा दिवा सुमारे चार दिवसांत कोरडी करतो, आणि सेल्फ फिरवण्यास ती त्यापूर्वीच असमर्थ होते.

तिसरा खटला अवघड, कारण दोष येतो आणि जातो. गाडी गॅरेजमध्ये नेली की शहाण्या मुलासारखी वागते. येथे सहपरिवर्तन पद्धती वापरावी: दोष कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर घटतो? खड्ड्यातून जाताना दिवे लुकलुकत असतील तर सैल सांधा. पहिल्या पावसात इंजिन अडखळत असेल तर ठिणगी नेणाऱ्या जाड वायरींच्या किंवा डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर ओल. गाडी तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर इग्निशन कॉइल आणि पॉइंटजवळचा कंडेन्सर यांच्यावर संशय घ्यावा. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना दर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात, म्हणजे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतात. एवढ्या धावपळीत तापलेला कंडेन्सर मधेच कच खाऊ लागला तर नवल नाही. मात्र पेट्रोलच्या वाटेतही उष्णतेने असाच खोळंबा होतो. म्हणून गाडी बंद पडताच, ती गरम असतानाच, ठिणगी आहे की नाही हे पाहावे. थंड झाल्यावर केलेली तपासणी म्हणजे चोर गेल्यावर घातलेला पहारा.

चार्जिंगचा दोषही असाच मोजून कळतो. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.५ च दिसत असतील, तर डायनॅमो किंवा अल्टरनेटर कामावर हजर नाही, किंवा त्याचा पट्टा ढिला आहे. १५ च्या वर जात असतील, तर दाब आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरीचे पाणी उकळून जाणार. डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा हेच सांगत असतो. त्याच्या एका बाजूस बॅटरी आणि दुसऱ्या बाजूस डायनॅमो असतो; दोन्हीकडचा दाब सारखा झाला की तो विझतो. म्हणून चावी फिरवल्यावर तो लागलाच पाहिजे. तो मुळीच लागला नाही, तर आनंद मानू नये; साक्षीदारच गैरहजर आहे.

फ्यूजच्या जागी तार

येथवरचे दोष खिशाला चाट लावणारे होते. शेवटचा जिवावर बेतणारा आहे. वारंवार फ्यूज उडू लागला की कित्येक जण त्या जागी जाड तार, सिगारेटच्या पाकिटातील चांदी किंवा खिळा बसवतात. फ्यूज उडत नाही, दिवे लागतात, मालक खूश होतो. पण फ्यूज हा दोष नव्हता. तो दोषाची तक्रार करीत होता. आडवाट तशीच आहे. आता त्या वाटेवर सर्वांत आधी वितळणार ती वायर स्वतः, तीही गालिच्याखाली, इतर वीस वायरींच्या जुडग्यात, पेट्रोलच्या नळीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी. तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद केले म्हणजे अन्याय दूर होत नाही, हे आपण समाजशास्त्रात वाचतो. मोटारीत त्याचे प्रत्यंतर धुराच्या रूपाने येते. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर त्याच्या जागी टेस्ट लॅम्प लावावा. शॉर्ट असेपर्यंत तो लख्ख पेटेल. मग वायरचे जुडगे ठिकठिकाणी हलवून पाहावे, त्या वाटेवरील एकेक उपकरण सोडवावे. लॅम्प विझला किंवा मंदावला की जागा सापडली.

काम करताना काही पथ्येही पाळावीत. हातातील अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी सोडवताना अर्थची पकड आधी काढावी आणि जोडताना शेवटी लावावी, म्हणजे पान्हा चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ विडी-काडी नको.

निष्कर्ष

या साऱ्यातून एकच गोष्ट सांगावयाची आहे. संशय आणि कारण यांत अंतर आहे. वस्तू बदलून पाहणे म्हणजे संशयितांना एकेक करून शिक्षा देत जाणे. त्यात कधी तरी खरा गुन्हेगार सापडतोही, पण तोवर अनेक निरपराध भंगारात गेलेले असतात आणि गरिबाचे पैसे संपलेले असतात. ज्याचे पोट गाडीवर चालते अशा माणसाला एक अनावश्यक बॅटरी म्हणजे कित्येक दिवसांची कमाई. मोजून, तुलना करून, वाट अर्ध्यावर कापत जाऊन शोधलेले कारण मात्र एकदाच दुरुस्त करावे लागते.

नव्या गाड्यांत संगणक आला आहे आणि तो बिघाडाचा क्रमांकही सांगतो. त्यामुळे हे सारे आता जुने झाले, असे कोणी म्हणेल. पण तो क्रमांक म्हणजे एका साक्षीदाराची जबानी, निकाल नव्हे. अर्थ सैल असला की संगणकालाही चुकीचा दाब दिसतो आणि तो निर्दोष उपकरणाचे नाव घेतो. जबानी तपासून पाहण्याचे काम अखेर माणसालाच करावे लागते.

तर्कशास्त्राच्या परीक्षेत मिलच्या पद्धतींवर टीप लिहावयाची असते, आणि उदाहरण म्हणून आपण वर्षानुवर्षे ठरलेली तीच ती उदाहरणे देतो. यंदा ज्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी उभी असेल, त्यांनी बाजारातून मीटर आणून ती ताडपत्री दूर करावी. टीपही चांगली होईल, आणि कदाचित गाडीही सुरू होईल.